लॅपटॉप तापतो, ही तक्रार अर्धीच आहे

पत्राचा सारांश: पत्रलेखिका घरी बसून भाषांतराचे काम करतात. चार वर्षांपूर्वी घेतलेला त्यांचा लॅपटॉप गेल्या काही महिन्यांपासून इतका तापतो की कळफलकाच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवत नाही. पंखा घोंघावत राहतो आणि व्हिडिओ बैठक चालू असताना लॅपटॉप दोनदा आपोआप बंद पडला. त्यांच्या वृद्ध आई त्याच खोलीत झोपतात, त्यामुळे रात्री काम करताना आवाज दबावा म्हणून त्या लॅपटॉपखाली घडी घातलेले ब्लँकेट ठेवतात आणि पंख्याचा वेग कमी ठेवणारे एक सॉफ्टवेअरही त्यांनी बसवले आहे. तापमान दाखवणारे दुसरे सॉफ्टवेअर कधी ९२, तर कधी ९५ अंश दाखवते. दुरुस्ती करणाऱ्याने पेस्ट बदलावी लागेल असे सांगितले, भावाने कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा पाट, घे म्हटले आणि मुलीने नवा लॅपटॉप. ‘यांपैकी कोणाचे ऐकू, की हे यंत्र आता संपलेच आहे?’ असे त्या विचारतात.

तुमच्या पत्रात तिघांचे तीन सल्ले आहेत, पण लॅपटॉप चालू असताना त्याच्या गरम वारा सोडणाऱ्या जाळीसमोर कोणी तळहात धरून पाहिल्याचा उल्लेख कुठेच नाही. सुरुवात तिथून व्हायला हवी. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर ठरू शकतात, मात्र तुमच्या लॅपटॉपचे नेमके कुठे अडले आहे हे पाहण्याआधीच त्यांतला एक निवडणे म्हणजे नाडी न बघता औषध लिहून देणे होईल. तळहाताकडे मी लवकरच येणार आहे. त्याआधी तुम्ही पत्रात जे गृहीत धरले आहे, त्याबद्दल थोडे बोलू.

तापणे म्हणजे बिघाड, असे तुम्ही धरून चालला आहात. वास्तविक लॅपटॉप जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते, आणि त्यातला मोठा वाटा प्रोसेसरचा असतो. काम जोरात चालू असताना नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून १५ ते ४५ वॅट, काही लॅपटॉपांत त्याहूनही अधिक, उष्णता निघते. पूर्वीचा ४० वॅटचा तारेचा दिवा पेटलेला असताना त्याला हात लावायची कोणाची छाती होत नसे. इथे साधारण तेवढीच उष्णता कितीतरी लहान जागेतून निघते. ती बाहेर नेण्यासाठी आत एक साखळी असते. प्रोसेसरवर उष्णता पुढे पोहोचवणाऱ्या थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी, पट्टीला जोडलेली हीट पाइप नावाची चपटी बंद नळी, नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची दाट रांग आणि त्या पत्र्यांमधून वारा फेकणारा पंखा. यातली हीट पाइप मला नेहमीच चकित करते. तिच्यात चमचाभरसुद्धा नाही इतके थोडे पाणी कमी दाबाखाली कोंडलेले असते. प्रोसेसरच्या टोकाशी त्याची वाफ होते, पंख्याच्या टोकाशी ती वाफ निवून पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत ते गरम टोकाकडे परत येते. तिच्यात हलणारा एकही भाग नसल्यामुळे ती सहसा बिघडत नाही. बिघडते ते तिच्या अलीकडचे किंवा पलीकडचे: पेस्ट वाळते, पत्र्यांत धूळ अडकते, पंखा झिजतो, किंवा आपणच वाऱ्याची वाट अडवतो. म्हणून ‘लॅपटॉप तापतो’ ही तक्रार अर्धीच आहे. उष्णता प्रमाणाबाहेर तयार होते आहे, की तयार झालेली उष्णता बाहेर पडत नाही, हे कळल्याशिवाय ती पुरी होत नाही, आणि या दोहोंवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

९२ आणि ९५ या आकड्यांनी तुम्ही घाबरला आहात, ते स्वाभाविक आहे, कारण आपल्या मनात तापमानाचे मोजमाप शरीराच्या तापावरून आणि उकळत्या पाण्यावरून बसलेले असते. प्रोसेसरचे गणित निराळे आहे. बहुतेक लॅपटॉपांच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठरवलेली असते. ती जवळ आली की प्रोसेसर स्वतःहून आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही, तरच यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. याचा अर्थ मोठे काम चालू असताना काही काळ नव्वदीचा आकडा दिसणे हे अनेक सडपातळ लॅपटॉपांच्या बाबतीत नित्याचे आहे. मला चिंता वाटते ती दुसऱ्या दोन गोष्टींची: एक म्हणजे लॅपटॉप बंद पडला, आणि दुसरी म्हणजे काहीच काम नसताना तो किती तापतो हे तुम्ही लिहिलेले नाही. सगळे प्रोग्रॅम बंद करून पंधरा मिनिटे तो नुसता चालू ठेवा आणि मग आकडा पाहा. चाळिशीत किंवा पन्नाशीच्या आसपास असेल तर यंत्राची प्रकृती बरी आहे. रिकामे बसूनही तो सत्तरीच्या वर असेल, तर आत काहीतरी अडले आहे किंवा तुमच्या नकळत काही काम चालू आहे. आकडा लिहून ठेवताना खोलीचे तापमानही शेजारी लिहा, कारण पंख्याचा वेग तोच असेल आणि काम तेवढेच असेल, तर खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी आतला आकडाही चढतो. पंचवीस अंशांच्या खोलीतले ८५ आणि पस्तीस अंशांच्या खोलीतले ९५ यांत उष्णता बाहेर नेणाऱ्या साखळीच्या प्रकृतीच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

लॅपटॉप बंद पडला त्या दोन्ही वेळा चार्जर लावलेला होता का, हेही आठवून पाहा. बॅटरी जीर्ण झालेली असली की एकदम जास्त वीज मागितली गेल्यावर तिचा विजेचा दाब (व्होल्टेज) कोसळतो आणि लॅपटॉप तसाच अचानक विझतो. त्या वेळी तो गरमही असल्यामुळे दोष उष्णतेच्या माथी जातो. चार्जर लावलेला नसतानाच हे घडत असेल, तर संशयाची सुई आधी बॅटरीकडे वळवावी.

आता ब्लँकेट. तुमचा हेतू इतका चांगला आहे की हे लिहिताना थोडे जड जाते, पण बहुतेक लॅपटॉप थंड हवा तळाच्या जाळीतून आत ओढतात आणि मऊ कापडावर ठेवल्यावर त्याचे लहान रबरी पाय आत रुततात व ती जाळी जवळजवळ बंद होते. वर पंखा सावकाश फिरावा म्हणून तुम्ही सॉफ्टवेअर बसवले आहे. म्हणजे हवा आत येण्याची वाट ब्लँकेटने अडवली आणि ती बाहेर ढकलणाऱ्याचे हात सॉफ्टवेअरने बांधले. मग आतली उष्णता वाढते, पंखा मिळेल तितक्या जोराने फिरू पाहतो, आवाज वाढतो आणि आवाज वाढला म्हणून आपण ब्लँकेटची आणखी एक घडी घालतो. तुम्ही पंख्याला त्रासाचे मूळ समजत आहात, प्रत्यक्षात तो त्रासाची बातमी देणारा आहे. ते सॉफ्टवेअर आजच काढून टाका, म्हणजे पंख्याचे नियंत्रण पुन्हा यंत्राच्या मूळ व्यवस्थेकडे जाईल, आणि त्यानंतर लॅपटॉप रीस्टार्ट करा. शटडाउन नको, मुद्दाम रीस्टार्ट म्हणतो आहे, कारण विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या शटडाउनच्या वेळी लवकर सुरू होण्यासाठी प्रणालीची अवस्था जपून ठेवतात आणि दिवसेंदिवस साचलेला गोंधळ त्यामुळे तसाच राहू शकतो.

हे झाल्यावर लॅपटॉप कडक, सपाट पृष्ठभागावर ठेवा, त्याची मागची कड बोटभर उचलली जाईल असे काहीतरी खाली द्या, व्हिडिओ किंवा तुमचे नेहमीचे काम वीस मिनिटे चालू ठेवा आणि गरम वारा जिथून बाहेर येतो त्या जाळीसमोर तळहात धरा. ही जाळी बहुधा मागच्या कडेला, बिजागरीजवळ किंवा बाजूला असते.

वारा जोरात येत असेल आणि तो चांगला गरम असेल, तर साखळी शाबूत आहे. उष्णता बाहेर पडते आहे, ती फक्त जास्त तयार होते आहे, आणि तेव्हा पेस्ट बदलून किंवा कूलिंग पॅड आणून फारसे काही साधणार नाही. पंख्याचा आवाज मोठा पण वारा अगदी क्षीण, अशी स्थिती असेल, तर पत्र्यांमध्ये धूळ बसली आहे असे जवळजवळ निश्चित समजावे. वारा भरपूर पण कोमट, आणि लॅपटॉपचा तळ किंवा कळफलकाचा भाग मात्र चटका देणारा, असे असेल, तर उष्णता प्रोसेसरपासून पत्र्यांपर्यंत पोहोचतच नाही. तुमच्या दुरुस्ती करणाऱ्याचे पेस्टचे निदान याच ठिकाणी बरोबर ठरते. आणि पंखा खरखरत असेल, थांबून थांबून फिरत असेल किंवा मुळीच फिरत नसेल, तर पंखाच बदलायला हवा. काही लॅपटॉपांत पंखा नसतोच. २०२० च्या उत्तरार्धापासूनच्या मॅकबुक एअरसारखी यंत्रे नुसत्या धातूच्या अंगावाटे उष्णता सोडतात आणि तापली की वेग कमी करतात. असे यंत्र वापरणाऱ्या वाचकांनी पंख्याचा आवाज येत नाही म्हणून घाबरू नये आणि ते यंत्र गादीवर ठेवून वापरूही नये.

पत्रावरून माझा अंदाज धुळीकडे झुकतो, कारण चार वर्षे आणि ब्लँकेटवरचे धागे हा योग वाईट आहे. ही धूळ आपल्याला वाटते तशी पंख्याच्या पात्यांवर बसून राहत नाही; पंखा आणि पत्र्यांची रांग यांच्यामधल्या फटीत ती दाबून बसते आणि तिथे नमद्यासारखी घट्ट पट्टी तयार होते. मी स्वतः पहिल्यांदा लॅपटॉप उघडला तेव्हा ती पट्टी मला आतला एखादा मुद्दाम बसवलेला फिल्टरच वाटली होती आणि मी ती जागच्या जागी ठेवून झाकण लावले होते. म्हणून बाहेरून जाळीत हवेचा फवारा मारून काम होईल अशी आशा धरू नका. त्याने पट्टी फार तर पंख्याकडे सरकते. नीट सफाईसाठी तळाचे झाकण काढावेच लागते. ते तुम्हाला सवयीचे नसेल, तर जाणकाराकडून करून घ्या. स्वतः करायचे असेल, तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा, लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा, झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवा, आणि हवेचे छोटे छोटे झोत मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरा, कारण झोताने तो भलत्याच वेगात फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साचते आणि ती नाजूक भागांना मारक ठरू शकते. तोंडाने फुंकणेही टाळा, त्यात वाफ असते.

दुरुस्ती करणाऱ्याकडे जायचेच ठरले, तर ‘पेस्ट बदला’ एवढेच सांगू नका. पेस्टसाठी हीटसिंक, म्हणजे तांब्याची पट्टी, नळी आणि पत्रे यांचा जोड, उचलावेच लागते, तेव्हा पत्र्यांची सफाई त्याच वेळी व्हायला हवी. ती न करता नवी पेस्ट लावणे म्हणजे तुंबलेल्या मोरीत स्वच्छ पाणी सोडणे आहे. त्याला दोन गोष्टी स्पष्ट विचारा: काम करण्याआधी आणि नंतर, एकाच कामाच्या ताणाखाली, तापमान किती होते हे तो दाखवेल का; आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये साध्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू तर नाही ना. काही शक्तिशाली लॅपटॉपांत तो वापरतात. तो वीजवाहक असल्यामुळे हाताळताना सांडला तर मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, जाऊ शकतो, आणि अशा लॅपटॉपला नवशिक्याने हात न लावलेला बरा.

उष्णता जास्त तयार होते आहे असे निघाले, तर उपाय पडद्यावरच आहेत, आणि तुमच्या आवाजाच्या प्रश्नाचे खरे उत्तरही इथेच आहे. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. मॅकवर हेच काम अॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) या स्तंभावर टिचकी मारा, म्हणजे सर्वांत जास्त राबवणारा प्रोग्रॅम वर येईल. तुम्ही काही करत नसताना तिथे एकूण आकडा काही टक्क्यांच्या वर सतत राहू नये. बहुतेक वेळा दोषी निघतो तो ब्राउझर, विशेषतः आपोआप चालणारे व्हिडिओ आणि जाहिराती असलेले टॅब. त्यानंतर अँटिव्हायरसची तपासणी, अपडेट किंवा क्लाउडवर फायली चढवणारा प्रोग्रॅम. शेवटचे तिघे काम उरकले की आपोआप शांत होतात, त्यांना सक्तीने बंद करण्याची घाई नको. मात्र अनोळखी नावाचा एखादा प्रोग्रॅम तासन्‌तास प्रोसेसर खात असेल, तर लॅपटॉपची विषाणू तपासणी करून घ्या, कारण दुसऱ्याच्या यंत्रावर चोरून आभासी चलन तयार करणारे प्रोग्रॅम असतात आणि त्यांचे पहिले लक्षण अनेकदा तापणे हेच असते. व्हिडिओ बैठकीतच तुमचा लॅपटॉप बंद पडला हे मला सूचक वाटते. अशा बैठकीत तो तुमचे चित्र टिपतो, आवळून पाठवतो, इतरांची चित्रे उलगडतो, आणि पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय चालू असेल तर प्रत्येक चित्रातून तुमची आकृती वेगळी काढण्याचे कामही करतो. ती सोय बंद करून एक बैठक करून पाहा. फरक तुमच्या कानांना कळेल.

दुसरा उपाय थोडा आडवळणाचा, पण मला सर्वांत आवडणारा आहे. प्रोसेसर गरजेनुसार काही काळ आपल्या मूळ वेगापेक्षा बराच जास्त वेग घेतो. त्यासाठी त्याला विजेचा दाबही वाढवून लागतो, आणि खर्च होणारी वीज त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी उष्णतेची किंमत फार मोठी मोजावी लागते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील प्रगत सेटिंग्जमध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था १०० टक्क्यांवरून ९९ टक्के केली, की बहुतेक लॅपटॉपांत हा जादा वेग बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. काही लॅपटॉपांत ही सेटिंग लपवलेली असते. तिथे वीज वाचवणारा पॉवर मोड निवडावा, आणि मॅकवर लो पॉवर मोड. चित्रफितींचे संपादन करणाऱ्याला हे परवडणार नाही. भाषांतराचे काम, शब्दकोश आणि काही टॅब, एवढ्यासाठी मात्र तुम्हाला वेग कमी झाल्याचे जाणवणारसुद्धा नाही.

भावाने सुचवलेल्या कूलिंग पॅडबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. त्याचा जो काही उपयोग होतो, त्यातला बराचसा लॅपटॉप वर उचलला गेल्यामुळे होतो आणि ते काम खाली ठेवलेली पट्टीही करते. पॅडचे पंखे तुमच्या लॅपटॉपच्या जाळीखाली नेमके आले नाहीत, तर ते नुसताच आवाज वाढवतात. बर्फाच्या पिशव्या, ओले कापड किंवा लॅपटॉप थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवणे हे उपाय अजूनही सांगितले जातात. थंड धातूवर हवेतल्या बाष्पाचे पाणी होते आणि ते आतल्या विद्युतमार्गांवर बसते, म्हणून त्या वाटेला जाऊच नका.

एका बाबतीत मात्र थोडाही उशीर करू नका. आजच लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून तो डगमगतो का, झाकण नीट मिटते का, टचपॅड दाबायला कठीण झाला आहे का किंवा वर उचलला गेला आहे का, हे पाहा. यातले काहीही दिसले, तर बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने आणि सतत पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहिल्याने लवकर जीर्ण होते, आणि फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. तशी ती आढळली तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबून बसवण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न करू नका, आणि ती बदलून मिळेपर्यंत लॅपटॉप वापरू नका. फुगलेली नसेल, तर तुमच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे का ते शोधा; दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांसाठी ती उपयोगाची आहे. जाता जाता इतर वाचकांसाठीही दोन गोष्टी: लॅपटॉप निद्रावस्थेत ठेवून बॅगेत टाकला तर तो आत जागा होऊन भट्टीसारखा तापू शकतो, म्हणून बॅगेत ठेवण्याआधी शटडाउन किंवा हायबरनेट (चालू काम जपून ठेवून यंत्र पूर्ण बंद करणे) करावे, आणि मांडीवर रोज तासन्‌तास गरम लॅपटॉप ठेवल्याने त्वचेवर जाळीदार लालसर-तपकिरी डाग उठतात, ज्यासाठी भाजण्याइतकी उष्णता लागत नाही, ४३ ते ४७ अंशांची उष्णता पुन्हा पुन्हा मिळाली तरी पुरते.

मुलीचा सल्ला मी शेवटी ठेवला, कारण तो शेवटीच विचारात घ्यायचा आहे. सफाई झाली, पेस्ट बदलली, पंखा ठीक आहे, बॅटरी चांगली आहे, रिकाम्या लॅपटॉपवरही काही चालू नाही, आणि तरीही तो साध्या कामात बंद पडतो, अशी वेळ आली तर मदरबोर्डमध्ये दोष असू शकतो आणि तेव्हा नवा लॅपटॉप घेणे शहाणपणाचे ठरेल. तुमच्या लॅपटॉपसाठी बॅटरी किंवा पंखा मिळतच नसेल, तरीही तसेच. त्याआधी घेतलात, तर नवा लॅपटॉप त्याच ब्लँकेटवर बसेल आणि काही वर्षांनी मला असेच पत्र येईल.

राहिला प्रश्न आईंच्या झोपेचा. त्यांना आवाजाचा त्रास होतो असे त्या स्वतः म्हणाल्या आहेत, की तुम्हीच तसे धरले आहे, हे पत्रातून कळत नाही. एकदा विचारून घ्या. माझ्या अनुभवात एकसुरी मंद आवाज झोपणाऱ्याला फारसा खटकत नाही, खटकतो तो मध्येच उसळून पुन्हा बसणारा आवाज, आणि प्रोसेसरचा जादा वेग बंद केला की तो उसळणारा आवाजच सर्वांत आधी कमी होतो. म्हणून क्रम असा ठेवा: आज ब्लँकेट आणि पंख्याचे सॉफ्टवेअर काढा, बॅटरीची लक्षणे पाहा आणि रात्री ९९ टक्क्यांचा प्रयोग करा, उद्या तळहाताची परीक्षा करून आकडे लिहा, आठवडाभरात जाणकाराकडून सफाई करून घ्या आणि त्यानंतर तेच आकडे पुन्हा लिहा. बॅटरी जाणकाराने तपासेपर्यंत मात्र काम संपल्यावर चार्जर काढून ठेवत जा, आणि रात्री लॅपटॉप आईंच्या अंथरुणापासून दूर, टेबलावर राहू द्या.